पुढच्या दारानं

माय कापसाच्या वेचनीवरून आली का पयले दारातच बसे. पाय बाहेर, पाठ चौकटीले टेकलेली, डोये मिटलेले. पदराले पऱ्हाटीचा पाला चिकटलेला, बोटाईच्या टोकाले बोंडाच्या टरफलानं चिरा पडलेल्या. आम्ही पोट्टेपोट्टी तिच्या आंगावरून उड्या मारून आतबाहेर करू, पन ती हालत नव्हती. बऱ्याच वेळानं म्हने, "इंदे, चूल पेटव." मी चूल पेटवत होती, ज्वारीचं पीठ मळत होती, अन् मागून तिच्या बोटाईची कडकड आयकू येत होती. एकेक बोट ती मोडून पाहे, दहाच्या दहा शाबूत हायेत का नाही. भाकर अन् जवसाची चटनी, अंबाडीची भाजी असली तर त्या दिवशी आम्ही श्रीमंत. जेवताना कोनी बोलत नव्हतं. भांडन नव्हतं, राग नव्हता, बस बोलाचा जीव नव्हता. मले लहानपनी वाटे का थकनं हे बायाईचं एक कामच असन, पानी भरनं असते तसं, शेन काढनं असते तसं.

वेचनीचं आधी सांगून टाकते, नाहीतर मंग राहून जाईन. नातीनं मोबाईलवर लिहाले शिकवलं तेव्हापासून बोट इतकं भराभर चालते का मीच मागं पडून राह्यली. तर वावरात बाया गेल्या का एकेक तास, म्हनजे पऱ्हाटीची एकेक ओळ, धरून उभ्या राहत. वाटेच्या बाजूचा पयला तास कोनाचा हे कोनी ठरवून देत नव्हतं, पन सगळ्याईले माहीत राहे. पयल्या तासाची बाई जशी चालन तसे बाकीचे हात चालत, ती बोलन तेच दिवसभर बोललं जाये. अन् पार पल्याडचा, बांधाजवळचा तास राहे तो काटेरी झुडपाईचा, बोंडं कमी अन् वरबाडे जास्त. तो माझा. मले कोनी ढकलत नव्हतं तिकडं, मीच चालत जाओ. तिथं कोनी बोलाले येत नव्हतं म्हून. मले बोलता येत नव्हतं असं नाही. सातवी पास झाली ती काही फुकटात नाही झाली. पन चार मानसाईसमोर तोंड उघडलं का घशात सरकी अडकल्यावानी होये. मास्तर म्हनत, "इंदूले सगळं येते, फक्त तिले तसं सांगू नका, लाजून मरन."

आता मोठी माय. ती बाबाच्या मोठ्या भावाची बायको, भागरथा तिचं नाव, पन नवरा गेल्यावर ती आमच्याच घरी राहे अन् आम्ही सगळे तिले मोठी माय म्हनो. ती दाई होती. आमच्या गावातलं जवळपास प्रत्येक पोट्टं तिच्या हातात पयले रडलं, मंग मायच्या. ठेंगनी, काळी, डोक्यावर पदर कधी टिकत नसे, अन् चालताना डावा हात कंबरेवर. आधीच्या काळी तिले बोलवाले मोठ्या घरचा गडी येऊन मोहल्ल्याच्या तोंडाशी निंबाखाली उभा राहे अन् तिथूनच वरडे, "ओ दाई." मंग तिनं मागच्या गल्लीनं, गोठ्यातून, मागच्या दारानं आत जावं. काम झालं का मागच्याच दारानं बाहेर यावं, अन् घरच्या बाईनं सुपातली ज्वारी वरून तिच्या ओच्यात टाकावी, हात न लागू देता. हे असंच चालत आलेलं. पाऊस वरून पडते तशी ज्वारीही वरूनच पडते, असं मले वाटे.

मंग आमच्या लोकाईनं दीक्षा घेतली. मी लहान होती, मले आठवते ते इतकंच का सगळे पांढरे कपडे घालून ट्रकनं गेले अन् दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धुळीनं लाल होऊन वापस आले, अन् बाबा घरात शिरताना दारात वाकला नाही, डोकं चौकटीले आपटलं, तरी हसला. त्याच्यानंतर निंबाखाली बैठक बसली. मेलेलं ढोर वढनं बंद, गावकीचं काम बंद. सगळ्याईनं हात वर केले. मंग कोनीतरी म्हनलं का भागरथाबाईचं दाईपन तेही बंद. मोठी माय बायाईत मागं बसली होती, तंबाखू मळत. ती उठली नाही, बसल्या जागेवरूनच म्हनली, "ढोर मेलेलं असते. बाई जित्ती असते. मी जाईन." ती पुढं म्हनली, "पन आता माहं नाव घेऊन बोलवाव लागन. घरच्या मानसानं याव लागन. अन् मी पुढच्या दारानं जाईन." इतकं बोलून तिनं तंबाखू तोंडात टाकली, म्हनजे तिचं बोलनं संपलं.

अन् ती गेली. हे गावात सगळे सांगत. मोठ्या घराईपैकी वसंतरावाच्या घरी मोठ्या सुनेचं, म्हनजे त्याच्या बायकोचं, पयलं बाळंतपन, अन् मोठी माय पुढच्या ओसरीसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राह्यली, ऊन डोक्यावर आलं तरी उभी, शेवटी म्हातारी सासूच म्हनली "ये माय आत," अन् ती आत गेली अन् पुढूनच बाहेर आली. ही गोठ मी इतक्यांदा आयकली का मले ते ऊनसुद्धा आठवे, जरी मी तिथं नव्हतीच. विहिरीवर बाया ही गोठ सांगत, पोट्टे खेळात तिची नक्कल करत. मोठी माय स्वतः कधी सांगत नसे. कोनी काढली का म्हने, "पानी भरा, पानी."

माझ्या मनात तशा आनखी दोघी होत्या. एक म्हनजे कोलामाच्या पोडावरची, म्हनजे त्याईच्या वस्तीतली बाई, मुकुटबनच्या बाजारात बांबूच्या टोपल्या घेऊन बसे. बाकी बाजार घसा फाडून वरडून राह्यला अन् ही गप. गिऱ्हाईक म्हने, "कमी कर ना व माय," तर ती नुसती पाहे. नाही म्हनत नसे, हो म्हनत नसे. गिऱ्हाईकच मंग कसंनुसं होऊन टोपली उचले. मी बाबाचं बोट सोडून तिच्यासमोर उभी राहो, हे कसं करते पाहाले. अन् दुसरी नर्सबाई. सरकारी, नागपूरकडची, सायकलवर येत होती. बाई सायकलवर, हेच आमच्यासाठी सर्कस. पांढरं लुगडं, हातात बाप्या मानसाचं घड्याळ, अन् बोलनं असं का प्रत्येक शब्द कात्रीनं कापून ठेवलेला. "बाजूला व्हा." "पाणी उकळा." "रडू नका, सांगा." सरपंचालेही असंच बोले.

मी घरामागं जाऊन या तिघींची नक्कल करत होती. कंबरेवर हात ठेवून उभं राहाचं, कोंबड्याईकडं कोलामीनबाईवानी पाहाचं, अन् भिंतीले सांगाचं, "बाजूला व्हा." एक दिवस मायनं पाह्यलं. दारात बसल्या बसल्या म्हनली, "इंदे, भिंत नाही आयकत का तुहं?" मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. पन ती हसली नव्हती. उलसंक थांबून म्हनली, "आवाज पोटातून काढ. गळ्यातून नको."

त्या साली नर्सबाईनं बाबाले सांगतलं का यवतमाळले पोरींना नर्सचं काम शिकवतात, राहाची सोय हाय, सातवी पास पाहिजे, अन् इंदू पास हाय. बाबानं मान हलवली. नाही म्हून नाही, काळजीनं. "बाई, हे घरात पानी मांगत नाही तहान लागली तं. तिथं अनोळखी मानसाईत काय करन? कोनी काही म्हनलं तं?" माय म्हनली, "नाहीतर लगीन करून द्या, तिथं बोलाचं काम नाही." हे ती रागानं बोलली का थकव्यानं, मले आजपर्यंत समजलं नाही. मले फक्त इतकं समजलं का माझ्यासाठी दोनच रस्ते हायेत, अन् एका रस्त्याच्या तोंडाशी माझाच घसा आडवा पडलेला हाय. बांधाजवळच्या तासात मी दिवसभर तेच डोकशात घोळवो. अजून वीस वर्सं हाच तास, मंग दारात बसून बोटं मोडायची.

हिवाळा लागता लागता मोठ्या मायले हिवताप आला. थंडी वाजली का तीन गोधड्या पुरत नव्हत्या. नर्सबाई एका सकाळी तिले गोळ्या द्याले आली, अन् ती घरात असतानाच वसंतरावाचा धाकटा भाऊ दारात आला. स्वतः आला, चप्पल काढून उभा राह्यला. "भागरथाबाई हायेत का? लीलाचं दुखून राह्यलं सकाऊनपासून." लीला म्हनजे त्याचीच बायको, पयलटकरीन, माझ्याहून तीनच-चार वर्सानं मोठी. मोठ्या मायनं गोधडीतून उठायचा प्रयत्न केला अन् तशीच लवंडली. नर्सबाई म्हनली, "मी जाते. मला सोबत एक मुलगी द्या. धरून बसायला." सगळ्या घरात तेव्हा मुलगी म्हनजे मी. बाबा म्हनला, "हे? बाई, हे कोनासमोर..." गोधडीतून आवाज आला, "हेच."

मोठ्या मायनं माझं मनगट धरलं. तिचा हात तव्यावानी तापलेला. म्हनली, "मागून धरजो. बाई वाकली तं वाकू देजो, पन सोडजो नको." मंग अजून जवळ वढलं. "अन् दार सोडजो नको." नर्सबाईनं आयकलं का नाही माहीत नाही. ती पिशवी माझ्याकडं देता देता बाबाले म्हनली, "आज बघू. जमलं तर यवतमाळचं बोलू."

तर मी निघाली. नर्सबाई सायकल हातात धरून पुढं, तो भाऊ तिच्या पुढं, अन् मी मागं पिशवी छातीशी धरून. पिशवीत कात्री, दोरा, कापूस, औषधाच्या बाटल्या, त्याईचा खुळखुळ आवाज येई. गाव ओलांडायला कितीक वेळ लागते, पन त्या दिवशी मी सगळ्या ओसऱ्या मोजल्या. वसंतरावाच्या घरासमोर नर्सबाईनं सायकल भिंतीले टेकवली अन् "कुठे आहे ती" म्हनत सरळ आत गेली. कोनी तिले दाराचं काही सांगतलं नाही. सरकारी बाईले कोन सांगन. मी पायरीवर पाय ठेवला तर ओसरीवर म्हातारी बसलेली, वसंतरावाची माय, सुपात तूर निवडत. वर न पाहता म्हनली, "पोरी, तू मागून ये."

जसं कोनाले "बस" म्हनाव तसं. त्याच्यात काटा नव्हता, म्हून जास्त टोचलं. मी पाय मागं घेतला. म्हनलं, नाही, म्हनायचं होतं, "मोठी माय पुढून येते." तोंडातून निघालं फक्त "मोठी..." म्हातारीनं आता वर पाह्यलं. "भागरथाची गोठ निराळी हाय. ती भागरथा हाय. तू मागून ये." अन् परत तूर निवडाले लागली.

आता पाहा माझी फजिती. मी कंबरेवर हात ठेवला. पन त्या हातात पिशवी, ती मांडीवर आपटली, बाटल्या खुळखुळल्या. मंग मी कोलामीनबाईवानी म्हातारीकडं पाह्यलं. म्हातारी माझ्याकडं पाहतच नव्हती, मंग पाहून करते काय. मंग नर्सबाईवानी शब्द जुळवले, "बाजूला व्हा," पन ती तर बाजूलाच बसली होती, दार मोकळंच होतं. तिघींचं तिघींजवळ, माझं माझ्याजवळ काहीच नव्हतं. ऊन चढत होतं. मनात येत होतं का आता हालली तर मोठ्या मायचं इतक्या वर्साचं उभं राहनं मातीत जाईन, उद्या सगळे म्हनतीन का भागरथा होती तोवर होतं. अन् आतून लीला वरडली. अशी वरडली का सुपातली तूर सांडली.

"इंदू! पिशवी कुठे आहे?" नर्सबाईचा आवाज.

पिशवी माझ्या हातात होती. सगळी पिशवी घेऊन मी तिथं दार धरून उभी होती. मी पळाली. पुढून नाही. गल्लीतून, उकिरड्यावरून, गोठ्यातल्या बैलाईच्या मधातून, शेनात पाय भरले, मागच्या दारानं आत. रडत. आज इतकी म्हातारी झाली, किती बाळंतपनं पाह्यली, पन तो गोठा मले अजून सपनात येते अन् तो कधी संपत नाही.

त्याच्यानंतर मात्र रडाले वेळच राह्यला नाही. खोली अंधारी, एक झरोका, गोवऱ्याईचा धूर. नर्सबाईनं माझ्या पायाईवर पानी टाकलं, हात कोपरापर्यंत घासाले लावले अन् लीलाच्या मागं भिंतीले टेकून बसवलं. लीला माझ्या आंगावर रेलली. सकाळच्या ढोराईच्या घंट्या नुकत्याच वावराकडं गेल्या होत्या तेव्हा मी बसली, अन् त्याच घंट्या वापस आल्या तरी मी बसूनच होती. तिचं सगळं वजन माझ्या छातीवर, तिच्या केसातलं खोबरेल माझ्या तोंडात, तिची नखं माझ्या मांडीत. पयले पाय दुखले, मंग मुंग्या आल्या, मंग पाय माझे राह्यलेच नाही. एकदा ती म्हनली, "सोडू नको व." मी म्हनलं, "नाही सोडत." बस, तोच माझा पयला शब्द त्या घरातला. मंग दिवसभर तेच, ती म्हने सोडू नको, मी म्हनो नाही सोडत. विहिरीच्या राहाटावानी.

मधातच लीला नवऱ्याले शिव्या द्याले लागली. म्हातारी दारातून म्हनली, "सूनबाई, नवऱ्याचं नाव घेऊ नये." लीला दात खाऊन म्हनली, "नाव कुठी घेऊन राह्यली मामी, नुसत्या शिव्या देऊन राह्यली." नर्सबाई म्हनली, "द्या, खुशाल द्या, पण जोर खाली लावून द्या." अन् मी हसली. मंग दुपार कलली अन् कोनी हसत नव्हतं. पोट्टं अडकल्यावानी झालं. नर्सबाईच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला, तिनं तो खांद्यानं पुसला, अन् तिचा आवाज मात्र तसाच, कात्रीनं कापलेला. लीलाचे डोये मिटाले लागले. मी तिच्या कानात बोलाले लागली. काय बोलली ते सगळं आठवत नाही. "डोये उघड. लीलाबाई, डोये उघड, मी हाय, आता जोर लाव, आता नाही मंग." म्हातारी गरम पान्याचं गंज घेऊन झरोक्यासमोर उभी राह्यली तर मीच म्हनलं, "आजी, तिकून सरका, उजेड अडून राह्यला." ती सरकली. नर्सबाईनं एकदा माझ्याकडं पाह्यलं अन् परत खाली पाह्यलं. मले तर मी काय बोलली हे समजलंही नाही, पार दोन-तीन दिवसानं समजलं.

पोरगी झाली. बराच वेळ रडली नाही, मंग नर्सबाईनं उलटी धरून पाठीवर चापट मारली तर अशी रडली का बैल उभे राह्यले. म्हातारी "पोरगीच" म्हनली, मंग दिवा जवळ धरून म्हनली, "नाक चांगलं हाय." जार, म्हनजे वार, पडला, साफसफाई झाली, लीला झोपली. नर्सबाई पिशवी बंद कराले बसली तर पिशवीचा पट्टा तिले लागतच ना. तिनं तीनदा लावून पाह्यला. मंग माझ्याकडं पाह्यलं अन् पिशवी माझ्याकडं सरकवली. मी पट्टा लावला.

मी उठली तर पायात जीव नव्हता. भिंत धरत धरत खोलीच्या बाहेर आली. मधल्या घरात म्हातारी उभी. डाव्या बाजूले ओसरी, तिथं गूळ वाटत होते, शेजारचे चार लोक जमलेले. उजव्या बाजूले अंधार अन् गोठा. म्हातारीनं हनुवटी उजवीकडं केली. "इकडून, पोरी."

मी त्या अंधाराकडं पाह्यलं. मले आठवला तो पूर्ण गोठा, ते बैल, उकिरड्याचा चढ, अन् मंग आख्ख्या गल्लीचा वळसा. अन् मी खरं तेच बोलली.

"मागून लांब पडते, आजी."

कंबरेवर हात नव्हता. आवाज वर नव्हता. भेव वाटाले जी ताकद लागते तीसुद्धा माझ्याजवळ राह्यली नव्हती. मी डावीकडं वळली अन् चालाले लागली. ओसरीवर आली तर पाय दगा देऊन गेला, मी तिथंच ओसरीच्या कडेवर बसली, सगळ्याईच्या मधात, अन् पोटऱ्या चोळाले लागली. कोनाच्या हातातला गूळ हातातच. मले त्याईच्याशी काही देनंघेनं नव्हतं, मले फक्त मुंग्या जायले पाहिजे होत्या. म्हातारी मागून आली, हातात ज्वारीनं भरलेलं सूप. माझ्यासमोर उभी राह्यली. मी ओचा पसरला नाही, कारन हात पोटरीवर होते. तिनं पाह्यलं उलसंक, मंग सूप माझ्या मांडीवर ठेवलं. वरून टाकली नाही. तिच्या मनात काय आलं, का तिच्याही हातात जीव राह्यला नव्हता सकाऊनपासून, मले सांगता येत नाही.

नर्सबाई सायकल घेऊन सोबत आली. आमच्या घरासमोर बाबा उभाच होता. ती त्याले म्हनली, "चालेल." एवढंच. पुढच्या उन्हाळ्यानंतर मी पत्र्याची पेटी घेऊन एसटीनं यवतमाळले गेली, ते या एका शब्दावर.

पन त्या संध्याकाळी मले आनंद नव्हता. मी मोठ्या मायपाशी बसली. ताप उतरलेला, आंग ओलं. म्हनलं आता ती दाराचं विचारन. तिनं विचारलं, "बाईचं कसं हाय?" मी सांगतलं झोपली. "जार पुरा पडला? पाह्यलं का तू?" पाह्यलं. "पोरगी दूध पेली?" पेली. मंग तिनं डोये मिटले. मलेच राहवलं नाही. म्हनलं, "मोठी माय, मी मागून गेली. म्हातारीनं अडवलं अन् मले बोलता आलं नाही, अन् पिशवी माझ्याजवळ होती, लीला वरडून राह्यली होती." अन् मंग इतक्या वेळचं सगळं रडनं आलं.

तिनं पदरानं गळ्याचा घाम पुसला. मंग म्हनली, "मी बी मागूनच गेलती."

"कधी?"

"पयल्यांदी. उभी राह्यली होती उलसीक, खरं हाय. पन आत बाई वरडली. बाई वरडल्यावर कोन उभं राहते व? गेली गोठ्यातून. काम झालं, इतकी थकली होती का समोर जे दार दिसलं त्यातून निघाली. लोकाईनं निघतानाच पाह्यलं." ती कुशीवर वळली. "मंग ते सांगत गेले. मी कायले नाही म्हनू? दुसऱ्या डाव खरंच पुढून बोलवलं त्याईनं."

मंग तिनं विचारलं, "अन् तू निघताना?"

"पुढून."

"बसली होती का जराशीक?"

"ओसरीवर. पाय चालत नव्हते."

"मी तं बसली नव्हती," मोठी माय म्हनली, अन् झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी मायनं अंधारातच हलवलं. "वेचनीले येतं का नाही?" येते म्हनलं. वावरात पोचेपर्यंत गोठ माझ्या आधी पोचली होती. बाया म्हनून राह्यल्या का इंदू पुढच्या दारानं गेली म्हने, ओसरीवर बसली म्हने पाय पसरून, म्हातारीनं सूप हातात दिलं म्हने. मी गेली पुढच्या दारानं असं मी म्हनलं नाही, अन् नाही असंही म्हनलं नाही. आजपर्यंत नाही. नोकरीत असताना नव्या पोरी येत, म्हनत, बाई, तुमच्यावानी धीर आम्हाले पाहिजे, तेव्हाही नाही सांगतलं. मी काहीतरी विचारात हसो अन् म्हनो, पानी उकळा. आता लिहून टाकलं. आता ज्यानं त्यानं पाहाव.

त्या सकाळी बाया आपापल्या तासाले लागल्या. माझा तास पार पल्याड, बांधाजवळ. मी तिकडं पाह्यलं. पोटऱ्या अजून दुखत होत्या, अन् तिथपर्यंत चालाचा जीव नव्हता. वाटेच्या बाजूचा पयला तास पायाशीच होता. मी तिथंच ओचा खोचला अन् वाकली. पयलं बोंड तोडलं, दुसरं तोडलं. कोनी काही म्हनन म्हून थांबली. कोनी काही म्हनलं नाही. उलसंक मागं माय होती दुसऱ्या तासात. ती म्हनली, "इंदे, जरा हळू. आम्हाले लागते ना सोबत याले."